मधमाश्यांना सांगायची बातमी

हेटीचे बाबा वारले तेव्हा टेकडीवर अजून बर्फ होतं. आता सफरचंदाच्या झाडावर गुलाबी-पांढरी फुलं उमलली होती आणि तळ्यात बदकांची पिवळीधम्म पिल्लं पोहायला शिकत होती. हेटीच्या छोट्याशा घरात मात्र चूल जेमतेम पेटायची. आई तापाने आणि दुःखाने अंथरुणाला खिळली होती. शेजारच्या बाया आळीपाळीने सूप आणि पाव आणून देत.

त्या घराला खरा आधार होता तो बागेतल्या मधमाश्यांचा. सोनेरी गवताच्या विणलेल्या, पालथ्या घातलेल्या गोल टोपल्यांमध्ये त्या राहत. मध आणि मेण विकून बाबा घर चालवत. यंदा मध मिळाला नाही, तर आईला आणि हेटीला शहरात, निराधारांना ठेवायच्या गरीबखान्यात जावं लागणार होतं. तिथे आयांना एका दालनात ठेवत आणि मुलांना दुसऱ्यात.

इंग्लंडमधल्या त्या गावात एक जुनी रीत होती. घरात बाळ जन्मलं, लग्न ठरलं किंवा कुणी वारलं, की ते मधमाश्यांना जाऊन सांगायचं. घराची किल्ली टोपलीवर हलकेच वाजवायची आणि हळू आवाजात बातमी द्यायची. माश्या घरच्याच. त्यांच्यापासून काही लपवलं, तर त्या रुसून निघून जातात.

बाबा गेल्याचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. गावाला वाटलं, आईने सांगितलं असेल. हेटी रोज सकाळी किल्ली घेऊन बागेत जायची. ओठ उघडायची, पण शब्दच फुटायचा नाही. एकदा का हे आपण बोललो, की ते खरं होईल, असं तिला वाटायचं.

एके सकाळी कुंपणापलीकडून जोब आजोबांची हाक आली. चर्चची घंटा वाजवणारे हे म्हातारबुवा एकटेच राहत; त्यांच्याही अंगणात माश्यांच्या टोपल्या होत्या.

"हेटी, तुझ्या माश्या आज फुलांवर दिसत नाहीत गं. बाबांचं सांगितलंस ना त्यांना?"

हेटीने मान खाली घातली.

"सांग हो, बाळा. मी तर माझ्या कोंबड्यांनासुद्धा सगळं सांगतो. त्या ऐकत नाहीत, हा भाग वेगळा!"

हेटीला हसू आलं नाही. तिने एकेका टोपलीला कान लावला. सगळं शांत. फक्त शेवटच्या टोपलीत बारीकशी गुणगुण होती. हेटी दवाने भिजलेल्या गवतात मटकन खाली बसली.

तेवढ्यात प्रिमरोझच्या एका पिवळ्या फुलात काहीतरी लुकलुकलं. पाकळीवर अंगठ्याएवढी परी उभी होती. तिचे इवलेसे पंख दवबिंदूंसारखे निळे-रुपेरी होते आणि केसांवर सोनेरी पराग चमचमत होते.

"हेटी," परी हळूच म्हणाली, "तुझ्या बहुतेक माश्या काल रानात गेल्या. मी तुझी एक इच्छा पुरी करीन. पण माझे नियम ऐक. मेलेल्या माणसाला मी परत आणू शकत नाही. रुसून गेलेल्याला ओढून आणत नाही. आणि जे देईन, ते या गावातल्याच कुणाच्या तरी अंगणातून येईल."

पहिला नियम ऐकताच हेटीचे डोळे भरून आले. मग तिने विचारलं, "मला टोपल्या भरून दुसऱ्या माश्या मिळतील?"

"मिळतील की. त्या जोबच्या अंगणातून येतील. भरलेल्या टोपल्या आता त्याच्याकडेच आहेत."

कुंपणापलीकडे जोब आजोबा आपल्या माश्यांशी बोलत होते. "आज गुडघा बरा आहे हं. आणि सूप खारट झालं, पण कुणाला सांगू नका."

हेटी बराच वेळ ऐकत राहिली. आजोबांच्या घरात त्यांच्याशी बोलायला दुसरं कुणीच नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "मला त्यांच्या माश्या नकोत."

"मग दुसरं काही माग."

"जे मागीन ते कुणाचं तरी कमी होईल ना? मग काहीच नको."

हेटी उठली. शेवटच्या टोपलीपाशी गेली. तिने किल्ली हलकेच वाजवली.

"माझे बाबा..." ती थांबली. एक मोठा श्वास घेतला. "माझे बाबा गेले. बर्फ होतं तेव्हाच. मी तुम्हाला सांगितलं नाही, माझं चुकलं. आता तुमची काळजी मी घेईन. आम्हाला सोडून जाऊ नका."

आतली गुणगुण थांबली. मग दोन-चार माश्या बाहेर आल्या, हेटीच्या डोक्याभोवती फिरल्या आणि सरळ रानाकडे उडाल्या.

"बातमी घेऊन चालल्या त्या," परी म्हणाली. "वाट लांब आहे आणि रान दाट. तुझी न मागितलेली इच्छा माझ्या पंखांत शिल्लक आहे. ती मी त्यांच्या वाटेवर पसरते."

ती उंच उडाली. तिचे पंख उजळले, मग केस, मग सगळी चिमुकली परीच उजेड झाली. त्या उजेडाची मधाच्या रंगाची एक झुळझुळीत वाट सफरचंदाच्या झाडापासून चर्चच्या मनोऱ्यावरून रानापर्यंत गेली. परी दिसेनाशी झाली होती.

आणि त्या वाटेने घोंघावत एक तपकिरी-सोनेरी ढग आला.

"मोहोळ! मोहोळ आलं!" जोब आजोबा ओरडले. "भांडी वाजवा रे!"

भांड्यांचा आवाज ऐकला की मोहोळ खाली उतरतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाया तवे घेऊन धावल्या, पोरं झाकणं घेऊन आली. लोहाराने तर घमेलंच बडवायला घेतलं.

"अरे, उतरव म्हटलं, पळवून लावू नकोस!" आजोबा त्याच्यावर खेकसले.

ढग सफरचंदाच्या फांदीवर उतरला. आजोबांनी फांदी हलवून माश्या अलगद हेटीच्या रिकाम्या टोपल्यांत घेतल्या.

इतक्यात दार करकरलं. शाल लपेटून, चौकटीला धरून आई उभी होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच उठली होती.

"हेटी, काय झालं गं?"

"आई, मी त्यांना बाबांचं सांगितलं."

आईने हात पसरले. दोघी गळ्यात गळा घालून पोटभर रडल्या, आणि साऱ्या गावाने हातातली भांडी खाली ठेवली.

त्या उन्हाळ्यात सगळ्या टोपल्या मधाने भरल्या. गरीबखान्याची गाडी त्या दारासमोर थांबलीच नाही. आई आणि हेटी एकाच छपराखाली राहिल्या. तुमचीआमची माणसंही अशीच एकत्र राहोत.