तीनदा विचारायची सोय

“अजून हातानेच तपासता, सर? एकेक टेस्ट?”

शलाका तांडेलने हे विचारलं तेव्हा तिचं नाक अंमळ वरच होतं. मिठबावकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मान डोलावली. हो, हातानेच.

सरांनी लिहिलेली छोटीशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या ॲप्सना वापरता येणारा तयार कोड, भरती-ओहोटीच्या वेळा काढून देते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मोबाइलमधली दोन-तीन ॲप्स तिच्याच जिवावर चालतात. कुणी तिच्या कोडमध्ये बदल सुचवला की वेळा बरोबर निघतात का हे तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट सर स्वतः चालवायचे, निकाल वाचायचे, मगच बदल आत घ्यायचे. शलाका गेल्या वर्षी त्यांच्या हाताखाली आली आणि तिला हे बघवेना. एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसाने यंत्रापुढे बसून यंत्राचं काम करायचं म्हणजे काय!

“आता तुम्ही नुसतं बघत बसा,” ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

कुणीही बदल पाठवला की सर्व्हरवर सगळ्या टेस्ट आपोआप चालणार. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. हिरवा लागला तरच बदल आत. कुणी खोळंबून बसायला नको, कुणाची मनधरणी करायला नको. काम खरोखरच झकास उतरलं होतं, आणि हे कुणी सांगायची शलाकाला गरज नव्हती.

सर बघत राहिले. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवंच हिरवं.

“छान केलंस,” ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

शलाका खुलली. “मग आज नवी आवृत्ती सोडू ना? संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर जाईल. उद्या आमचा मामासुद्धा याच वेळा बघून होडी बाहेर काढेल.”

सरांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं.

“हे काय?”

“ते होय? एक टेस्ट अधूनमधून उगाच लाल होते. कोड तोच, आकडे तेच. परत चालवली की हिरवी. म्हणून सांगून ठेवलंय, नापास झाली तर आणखी दोनदा चालव. तिन्हीत एकदा पास झाली की पास.”

“लाल होते तेव्हा वेळ कितीने चुकते?”

“तासाभराने.”

“का?”

“…ते नाही बघितलं. पण सर, अगदी क्वचित होतं हो. आणि सगळेच असं करतात.”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

तिथून खाडी दिसत होती. तिच्या तोंडाशी वाळू साचलेली. भरतीला होड्या त्या वाळूवरून अलगद निघून जातात. पाणी उतरलं की रुततात, आणि लाट आडवी आली तर उलटतात. हे शलाकाला कुणी शिकवायला नको होतं. तिचं सगळं लहानपण याच काठावर गेलं होतं.

“विचार मला,” सर म्हणाले.

“काय विचारू?”

“तेच. आवृत्ती सोडू का म्हणून.”

“सोडू का, सर?”

“नको.”

शलाकाचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता काहीतरी समजावून सांगतील. पण नाही…

“परत विचार.”

“सोडू का?”

“नको.”

“परत.”

आता मात्र तिचं डोकं सणकलं. इतके दिवस राबून काम उभं केलं, आणि सरांना थट्टा सुचतेय!

“सोडू का?” ती जवळजवळ ओरडलीच.

“सोड.”

तिने झटकन माउस हातात घेतला, बाण बटणावर नेला. एकदा दाबलं की झालं.

…बोट दाबेना.

“सर, तुम्ही दोनदा नको म्हणालात.”

“म्हणालो.”

“मधे काही बदललं का?”

“काही नाही.”

“मग आता सोड का म्हणालात?”

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शलाकाला एकाएकी भीती वाटली, आणि ती सरांची नव्हती. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

सरांनी टेबलावरचा तिचा मोबाइल उचलला आणि तिच्या त्याच हातात ठेवला.

“मामाला फोन लाव,” ते म्हणाले. “सांग, तिसऱ्यांदा हिरवा लागलाय, होडी काढ.”