दिव्याची अर्धी लुकलुक

चिपच्या मोजणीने ही कैक युगांपूर्वीची गोष्ट, आपल्या मोजणीने परवाची. एका मोटरला जोडलेल्या सर्किट बोर्डावर चिपदादा, लाल दिवा आणि तापमापक राहत. चिपदादाचा शिरस्ता एकच: दिवा पेटवायचा आणि तो विझवायची वेळ होईपर्यंत बोटांवर आकडे मोजत बसायचं. तापमापक "अरे दादा, मोटर तापली!" म्हणून कंठशोष करी, पण मोजणी संपेपर्यंत दादाला काही ऐकूच येत नसे. एकदा मोटर तशीच जळाली.

मग बोर्ड बनवणाऱ्या विशाखाताईंनी नवी मोटर जोडली आणि दादाला नवी शिस्त लावली. वेळ आता बोर्डावरचं घड्याळ मोजेल. निकड ज्याची, पाळी त्याची.

दिवा फुरंगटला. "म्हणजे आता मला कोणी विचारणारच नाही!"

तेवढ्यात तापमापक ओरडला. दिव्याची लुकलुक अर्ध्यावर ठेवून दादा धावला, मोटर थांबवून परतला. लुकलुक जिथे ठेवली होती तिथूनच, तसूभरही न चुकता, पुढे सुरू झाली. टक लावून बसलेल्या विशाखाताईंनाही खंड दिसला नाही. दिवा थक्क झाला.

"दादा, तुला हात तरी किती?"

"एकच रे. पूर्वीही एकच होता, पण त्याच्या बोटांवर तुझे आकडे असायचे."