केरोबुवांचं विजयगीत आणि साताऱ्याचा बोका

एका तालुक्याच्या गावी केरोबुवा शिरसाट नावाचे गवई राहत होते. त्यांचा आवाज असा, की पहिला सा लागला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडत. आणि मानीपणा असा, की मैफलीत कुणी खोकलं तर गाणं तिथेच थांबे.

त्यांची एक शिष्या होती, इरावती. ती शिकून इंजिनिअर झाली आणि तिने मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवला. त्यात एक राजा गड सोडून निघतो, सात घाट ओलांडतो, शत्रूला हरवतो आणि परत येतो. इरावती बुवांकडे आली.

"बुवा, राजा जिंकून गडावर परततो ना, तेव्हा वाजायला एक गाणं हवंय. तुमच्या आवाजात."

बुवांनी जन्मात गेम खेळला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "राजाची वाट कोण बघतंय?"

"सगळा गड."

"मग जमेल," बुवा म्हणाले.

वीस दिवस त्यांनी चाल घासली. शब्दही स्वतःच बांधले: 'उघडा दारं, लावा दिवे, धनी परतला रे!' त्या शेवटच्या 'रे'वर एक भरदार तान, आणि मागे दणदणीत चौघडा. रेकॉर्डिंग झालं तेव्हा बुवांचे डोळे ओले झाले होते.

गेम मात्र फारसा कुणी खेळलं नाही. तीन महिन्यांत जेमतेम चारशे लोक. त्यातलीच एक साताऱ्याची मुलगी. तिने आपल्या लठ्ठ बोक्याचा व्हिडिओ काढला. बोका शेपटी उंच करून एकेक पायरी चढतोय, आणि मागे बुवा गातायत, 'धनी परतला रे!'

झालं! एकाचं पाहून दुसऱ्याने केलं, दुसऱ्याचं पाहून दहांनी. यालाच हल्ली मीम म्हणतात. दारात गॅसचा सिलिंडर आला, लावा बुवांचं गाणं. सहा तासांनी वीज आली, लावा गाणं. नवऱ्याने आठवड्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट उचललं, तरी गाणं! आठ दिवसांत ती तान राज्यभर घुमू लागली.

बुवांना याचा पत्ताच नव्हता. एका सकाळी ते गिरणीवर दळण घेऊन गेले. गिरणीवाले हणमंतराव हसतहसत पुढे आले.

"बुवा, तुमचा बोका लई गाजतोय की!" असं म्हणत त्यांनी फोन बुवांच्या डोळ्यांपुढे धरला.

बोका दोन पायऱ्या चढला. रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. बुवांनी पुढचं पाहिलंच नाही. दळण तिथेच टाकून ते तडक इरावतीच्या घरी गेले.

"वीस दिवस गळा घासला मी, तो मांजरासाठी? सगळं बंद कर. आजच्या आज!"

इरावतीचा चेहरा उतरला. या बोक्यामुळेच तिचा गेम आता लाखभर लोक खेळत होते. पण ती म्हणाली, "गाणं तुमचं आहे, बुवा. तुम्ही म्हणाल तर काढायला लावते. फक्त त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्यात एकेक व्हिडिओ नोंदवावा लागतो. कोणते काढायचे ते बघून सांगा."

"सांगतो की. आण इकडे."

बुवा ताठ बसले. पहिला अर्थात बोका. या वेळी बोका सगळ्या पायऱ्या चढला. वर दारात एक आजी बसली होती. तिने त्याला उचलून छातीशी धरलं आणि ती रडायलाच लागली. खाली लिहिलं होतं: 'आमचा बोकोबा अकरा दिवस हरवला होता. आज घरी आला.'

बुवांनी फोन जवळ ओढला. "पुढचा," एवढंच म्हणाले.

पुढच्यात एक खलाशी नऊ महिन्यांनी बोटीवरून घरी आला होता. त्याची पोर त्याला ओळखेना, आणि मग एकदम ओळखून धावली. त्याच्या पुढच्यात एक काकू पाय मोडल्यावर पहिल्यांदा चालत स्वयंपाकघरात आल्या होत्या, आणि सुना टाळ्या वाजवत होत्या. मग सिलिंडर आला, त्याला तर हळदकुंकू लावलं होतं. बुवांच्या मिश्या हलल्या. मग ताट उचलणारा नवरा आला. बायकोने त्याला चक्क ओवाळलं होतं! बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

इरावतीने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "यातला कुठला काढू?"

बुवांनी पाणी पिऊन मिश्या पुसल्या.

"मी म्हटलं, लोक माझ्या गाण्याला हसतायत," ते म्हणाले. "हे तर आपापल्या घरी कुणी आलं म्हणून हसतायत. वाट बघणाऱ्यांसाठीच गायलो होतो ना मी? मग गाणं बरोबर जागी पोचलंय, इरा. माझंच डोकं भलतीकडे गेलं होतं."

"मग अर्ज?"

"फाडून टाक. पण त्या साताऱ्याच्या मुलीला एक निरोप दे. तिने तान मध्येच तोडलीय. बोका जाड आहे, त्याला जिना चढायला वेळ लागणारच. मी लांब तान गाऊन देतो."

त्याच दुपारी बुवा पुन्हा माइकसमोर उभे राहिले. तान छान रंगली, वर चढली, आणि ऐन टोकावर बुवांना तो ओवाळून घेणारा नवरा आठवला. ते गातागाताच फिसकन हसले.

इरावती म्हणाली, "बुवा, परत घेऊ या?"

आयुष्यभर कुणाचा खोकलाही खपवून न घेणारे बुवा म्हणाले, "नको. राहू दे तसंच."

लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, बुवांच्या हसण्याचं गाणं.

तात्पर्य: आपली कला लोकांनी आपल्या घरच्या आनंदात मिसळली, तर तो तिचा अपमान नसून तिचा सर्वांत मोठा मान असतो, म्हणून रागावण्याआधी शेवटपर्यंत पाहावं.