रेन्स्केची आखूड उडी

हॉलंड देशात समुद्राच्या बांधाआड वसलेल्या एका गावात रेन्स्के नावाची खेळाडू राहत होती. तिचा खेळ हेप्टॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत सात कसोट्या. धावायचे, उड्या मारायच्या, गोळा आणि भालाही फेकायचा. सातांचे गुण मिळून जो निकाल लागेल तो खरा.

लहानपणी ती बांधावर वाऱ्याला तोंड देत धावायची. पुढे गावची, मग जिल्ह्याची, मग देशाची झाली. पदके आली, तशी लोकप्रियताही आली. गावातल्या मुली तिच्यासारखी वेणी घालू लागल्या. क्लास नावाच्या पाववाल्याने तर दुकानात देवाच्या तसबिरीच्या शेजारी तिचे छायाचित्र लावले.

एके वर्षी मोठी स्पर्धा तिच्याच देशात भरली. सारे मैदान देशाच्या नारिंगी रंगाच्या कपड्यांनी फुलून गेले. पहिल्या दिवसाअखेर रेन्स्के सर्वांच्या पुढे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब उडी होती. प्रत्येकीला तीनच संधी. रेन्स्के धावू लागली आणि हजारो हात ताल धरून टाळ्या वाजवू लागले. ताल वाढला तशी तिची पावले लांब पडू लागली, आणि जिथून उडी घ्यायची त्या फळीच्या पुढे चवडा पडला. लाल निशाण, उडी बाद! दुसऱ्या वेळी टाळ्या आणखी वाढल्या. पुन्हा लाल निशाण!

आता एकच उडी उरली. तीही चुकली तर या कसोटीचे गुण शून्य, म्हणजे साऱ्या स्पर्धेवर पाणी.

"विक्रम! विक्रम!" लोक ओरडत होते.

तिच्या शिक्षिका विल्माबाई कठड्याशी आल्या. म्हणाल्या, "पोरी, पाय कुणाचे? त्यांचे की तुझे?"

गेली कित्येक वर्षे या टाळ्यांनीच रेन्स्केला उभारी दिली होती. त्यांना नको म्हणणे तिच्या जिवावर आले. तरीही तिने प्रेक्षकांकडे तोंड केले आणि ओठांवर बोट ठेवले.

हळूहळू सारे शांत झाले. ती बेताने धावली आणि फळीच्या बऱ्याच अलीकडून उडाली. पांढरे निशाण वर झाले. पण उडी अगदीच आखूड होती. एकूण गुणांत रेन्स्के पहिल्या क्रमांकावरून पाचव्यावर घसरली.

"अगं, हे बघायला आलो का आम्ही एवढ्या लांबून?" क्लास पाववाला प्रेक्षकांच्या बाकांवरून ओरडला. काही लोक हसले.

रेन्स्केचे कान लाल झाले. मग भालाफेकीची पाळी आली. भाला उचलून तिने असा फेकला की ती तिसऱ्या क्रमांकावर चढली. शेवटी आठशे मीटरची धाव. पहिली फेरी ती मागेच राहिली, आपल्या चालीने. दुसऱ्या फेरीत एकेकीला मागे टाकत तिने सर्वांच्या आधी रेषा ओलांडली. गुणांची बेरीज झाली. रेन्स्के पहिली!

मैदान डोक्यावर घेतले लोकांनी. क्लास तर लहान पोरासारखा रडत होता.

एका वार्ताहराने विचारले, "सातांपैकी कशाचा अभिमान सर्वांत जास्त? शेवटच्या धावेचा ना?"

"लांब उडीचा," रेन्स्के म्हणाली.

"पण ती तर तुमची सर्वांत आखूड उडी!"

"असेल," ती मान ताठ करून म्हणाली, "पण ती माझी होती."

तात्पर्य: लोकांच्या टाळ्यांतून बळ घ्यावे, पण पाऊल आपल्याच विचाराने टाकावे.