दोन हिसके

“पण बाबा, तळहात सोलून घेण्यात कसलं आलंय शहाणपण?”

हैबतीने नवे चामडी हातमोजे चढवले आणि मुठी आवळून दाखवल्या.

आग्या मोहोळ काढायला गोमाबाबा कड्यावरून दोराने खाली उतरत, तेव्हा वर दोर धरायचं काम दोन वर्षं हैबतीचंच होतं. उद्या तो पहिल्यांदा स्वतः उतरणार होता; आज अजून बाबांचीच पाळी.

“हे घालून दोर जास्त वेळ धरवतो?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेवढा वेळ.”

गोमाबाबांनी दोर कमरेला बांधला. कड्यावरच्या अंजनीच्या झाडाला एक वेढा देऊन दुसरं टोक त्याच्या हाती दिलं.

“खुणा?”

“एक हिसका, थांब. दोन, वर ओढ.” हैबती हसला. “आता काय परीक्षा घेताय?”

मोहोळाजवळ तोंडातून शब्द काढायचा नाही, हिसकाही हलकाच द्यायचा, ही तिथली रीत. बाबा कडा ओलांडून दिसेनासे झाले.

दोर सोडता सोडता मोहोळाच्या खोलीची खूण म्हणून बांधलेली चिंधी हाताशी आली, तसा हैबतीने दोर रोखला.

चामड्यातून तो हाताला नीट लागत नव्हता. म्हणून त्याने मूठ आणखी आवळली. मग आणखी. थोड्याच वेळात कोपरापर्यंत हात दगडासारखे झाले आणि बोटं आपोआप उघडू लागली.

दोर सरकतोय, की हातमोजा?

आत्ता हलला का? एकदा... की दोनदा? की आपलेच हात थरथरतायत?

हाक मारायची सोय नव्हती. खालचं घोंघावणं वाढत चाललं होतं.

त्याने दोर पायाखाली दाबला, दातांनी हातमोजे ओढून काढले आणि उघड्या हातांनी दोर धरला.

दोन. जरा थांबून, दोन. पुन्हा दोन...

तो वेड्यासारखा ओढू लागला.

बाबा वर आले तेव्हा त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता. कानांवर, मानेवर माश्यांचे काटे रुतलेले. ते खाली बसले. पाणी मागून घेतलं.

“किती वेळ... किती वेळ हिसके देत होतात, बाबा?”

बाबा नखाने एकेक काटा काढत राहिले.

हैबतीने हातमोजे उचलले आणि दरीत भिरकावायला हात उगारला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू देत. उद्या तू उतरणार, दोर मी धरणार... मला होतात का बघू.”