वाटेत थबकलेले धागे

“...मग आणखी किती पोसायचं त्यांना?”

ऋताचा आवाज चढला. मठातली दोन-तीन डोकी वळली.

समोर सारंगधरमुनी बसले होते. मेडिकल कॉलेजात ते तिला शरीररचना शिकवत. पुढे महानुभाव पंथाची दीक्षा घेतली. आता भिक्षा मागून जेवत.

“सर, मी प्रवचन ऐकायला आलेली नाही.”

“मी कुठे करतोय?”

“पुन्हा सांग,” ते म्हणाले.

तिनं दातओठ खात पुन्हा सांगितलं. उंदराच्या पायातला मज्जातंतू तुटला की त्याचे धागे वाढू लागतात, पण पंजापर्यंतची वाट त्यांना सापडत नाही. म्हणून तिनं वाटेतल्या पेशींत एक जनुक सोडलं. त्या पेशी धाग्यांना पोसणारं द्रव्य बनवू लागल्या. धागे धावत आले... आणि तिथेच गुंता करून बसले. पंजा मेलेला तो मेलेलाच.

“डोस कमी पडतोय. दुप्पट करते. तिकडे नाशिकला दादाचा हात वाळत चाललाय.”

थोरल्या भावाचा हात कारखान्यातल्या पत्र्यानं कोपराजवळ चिरला होता. टाके घालून झाले, बोटं हलली नाहीत. धागे फार उशिरा पोचले, तर स्नायू त्यांना ओळखत नाहीत. माणसांवर हा उपचार अजून कुणी करू देत नव्हतं. आधी उंदीर चालायला हवा होता.

मुनींनी झोळी खांद्याला लावली.

“चल. भिक्षेची वेळ झाली.”

“मी विचारतेय काय आणि तुम्ही...”

ते चालूही लागले होते. चरफडत ती मागे निघाली. म्हाताऱ्यांचं हे असंच.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई पदर खोचून ओट्यावर उभी होती.

“बाबा, रोज आमचं दार टाळून जाता! आमची आमटी काय अळणी असते?”

“फार चांगली असते, माई.”

“मग?”

“म्हणूनच.”

बाई खळखळून हसली. ऋता मात्र रस्त्यातच थांबली.

पुढच्या दारी मुनींना भाकरीचा तुकडा मिळाला. कालचा.

“सर... ते धागे उपाशी नाहीत.”

मुनी तुकडा झोळीत ठेवत होते.

“तिथे त्यांचं भागतंय. म्हणून हलत नाहीत.” ती त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. “एक औषध दिलं की ते जनुक बंद पडतं. ती सोय मीच ठेवली होती. वापरावीशी कधी वाटली नाही. एवढी वर्षं खपून चालू केलं... ते मीच बंद करू?”

“आणि बंद केल्यावर धागे मेले तर?” तिनंच पुढे विचारलं.

“काही मरतील.”

ती जवळच्या ओट्यावर बसली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता.

“मला इथे राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “आठवडाभर. तुमच्यापाशी सगळं लख्ख दिसतं. तिकडे नाशिकला, प्रयोगशाळेत गेले की...”

तिनं वाकून दंडवत घातला. डोकं वर केलं, तर मुनी पाठ फिरवून चालू लागले होते.

“सर!”

ते थांबले नाहीत. वळलेही नाहीत.

“नाशिकची एसटी लागली असेल.”