गुणसागर हत्तीची पारख

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आत्यानं मला बजावलं आहे. मोठ्या माणसांना हसू नये, असं तिचं म्हणणं. पण माणसं फारच मोठी असली, तर काय करायचं?

राजे भुजंगराव असेच फार मोठे होते. माणसांचे गुण ओळखायचे तर डोकं चालवावं लागतं, म्हणून ते काम त्यांनी हत्तीवर सोपवलं होतं. हत्तीचं नाव गुणसागर. दर माघी पौर्णिमेला तो सोंडेत माळ घेऊन दरबारापुढे फिरे. ज्याच्या गळ्यात माळ पडे, तो गुणवंत; त्याला मोठं पद मिळे. ज्याच्याकडे हत्ती पाठ फिरवी, तो निर्गुणी. त्यानं घरदार सोडून राज्याबाहेर जायचं.

नवल असं, की राज्यातले सगळे गुण दिवाण त्र्यंबकरावांच्याच घरात निपजत. त्यांचा भाऊ सेनापती झाला. त्याला घोड्यावर बसवायलाच अर्धं सैन्य लागे. भाचा राजकवी झाला. त्याची कविता ‘हे राजा’च्या पुढे सरकत नसे. यंदा मेव्हण्याच्या गळ्यात माळ पडली आणि तो न्यायाधीश झाला.

माळ घालून झाली की गुणसागर हत्तीखान्याकडे वळे. तेव्हा त्याच्या पाठीमागे कोण उभं असावं, ते दिवाणजी ठरवीत. यंदा तिथं केरबा फुलारी होता.

“निर्गुणी,” दिवाणजी म्हणाले. केरबाच्या फुलमळ्यावर मेव्हण्याचा डोळा होताच.

केरबाची पोर हौसा शेजारीच उभी होती. ती फारशी बोलत नसे. ‘नुसती टकाटका बघत बसते,’ म्हणून आळीतल्या बायका नाकं मुरडत. माळ तीच गुंफायची आणि हत्तीच्या सोंडेत तीच द्यायची. त्यामुळे जवळून तिला एक गोष्ट दिसे. गुणवंतांच्या पगडीभोवती तेज फाकतं, असं भाट गात. ते तेज नव्हतं. ती चिलटं होती.

आज मात्र ती पुढे झाली. “महाराज, गुणसागर कधी चुकतो का?”

“ही कोण?” राजांनी विचारलं.

“केरबाची पोर,” दिवाणजी म्हणाले. “हिला धड बोलताही येत नाही.”

“आत्ता बोलली की. नाही पोरी, एक वेळ मी चुकेन, तो चुकायचा नाही.”

“मग आमच्या मळ्यातल्या कुणाला त्यानं माळ घातली तर?”

दरबार खदाखदा हसला. राजेही हसले. “तर त्याला त्र्यंबकरावांच्या जागी दिवाण करीन. हा माझा शब्द. उद्या सकाळी घेऊन ये तुझा गुणवंत. पण माळ पडली नाही, तर तुझी अख्खी आळी वेशीबाहेर.”

वाटेत केरबा कळवळून म्हणाला, “हौसे, काय करून बसलीस? आपल्यात कुणात गं गुण आहे?”

“तुमच्यात आहे, बाबा. खडकावर निशिगंध फुलवता तुम्ही. पण हत्तीला ते कळत नाही.”

“मग त्याला कळतं तरी काय?”

“ते मी बघून ठेवलंय. मळ्यातलं बुजगावणं नेऊ का?”

दुसऱ्या दिवशी हौसानं दरबारापुढे बुजगावणं रोवलं. पोटात पेंढा, डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर केरबाची जुनी पगडी. दरबारी पोट धरून हसत होते. गुणसागर आला, दोन पावलं पुढे गेला, थबकला. कान हलले. सोंड वळली, थेट पगडीत शिरली आणि माळ बुजगावण्याच्या गळ्यात पडली.

“महाराज,” हौसा म्हणाली, “हे आपले नवे दिवाणजी.”

“अगं, याच्या पोटात पेंढा आहे!”

“असेना. घोड्यावर बसवायला एक माणूस पुरतं.”

सेनापती खाली बघू लागला. दिवाणजींचा मात्र तोल सुटला. “लबाडी आहे, महाराज! त्याची पगडी काढून बघा.”

हौसानं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “पगडीबद्दल मी तर काहीच बोलले नाही. बघायचं ते पगडीतच, हे दिवाणजींना कसं ठाऊक?”

तेवढ्यात गुणसागरानं बुजगावण्याच्या पगडीतून पिकलेलं कवठ काढून तोंडात टाकलं. मग तो नव्या न्यायाधीशांपाशी गेला, त्यांची पगडी उचलली आणि आतून चाचपू लागला. कालचा थोडा गर राहिला होता.

राजे उद्गारले, “म्हणजे इतकी वर्षं हा कवठं खात होता आणि मी पदं वाटत होतो!” मग ते असे हसले की सिंहासनाला टेकावं लागलं. “पोरी, तुझ्यात गुण तरी कोणता?”

“मी बघते, महाराज.”

“एवढंच?”

“दरबारात एवढंही कुणी करत नव्हतं.”

राजे पुन्हा हसले. केरबाला त्याचा मळा इनाम मिळाला आणि माणसं पारखायचं काम हत्तीकडून हौसाकडे आलं. ती प्रत्येकाला काम देई आणि बघत बसे. राजकवीचा आवाज खणखणीत निघाला. तो दवंडी पिटू लागला. दिवाणजींची रवानगी हत्तीखान्यात झाली आणि तिथं त्यांचाही खरा गुण उजेडात आला. पिकलेलं कवठ नुसतं हुंगून ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा तर म्हणे, गुणसागरानं स्वतःहून त्यांच्या गळ्यात…

हो आत्या, आले.